देश श्रीमंत होतोय पण समाज घसरतोय का? अमेरिकेचे आकडे घेऊन कसं तपासायचं

अमेरिकेवर वाद सुरू झाला की एक जण जीडीपी (देशात वर्षभरात तयार झालेल्या वस्तू-सेवांची एकूण किंमत) फेकतो, दुसरा फुटपाथवरच्या तंबूंचा व्हिडिओ टाकतो आणि दोघांनाही वाटतं आपण जिंकलो. त्यापेक्षा स्वतः तपासा, डेटा फुकट मिळतो.

जीडीपी आधी बाजूला ठेवा. अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्सने 1934 मध्ये अमेरिकेचं राष्ट्रीय उत्पन्न, म्हणजे जीडीपीचं आधीचं रूप, मोजून संसदेपुढे ठेवलं ना, त्यानेच तेव्हा बजावलं होतं की यावरून लोकांचं भलं चाललंय का ते कळत नाही. हॉस्पिटलचं बिल वाढलं तरी जीडीपी वाढतोच की.

मग आयुर्मान बघा, माझ्या मते सगळ्यात खरा आकडा हाच. 2014 ला 78.9 वर्षं होतं, पुढची तीन वर्षं इकॉनॉमी वाढत असताना ते थोडं थोडं खाली आलं, तेव्हा कोविडचा पत्ताही नव्हता, नंतर 2021 ला थेट 76.4 आणि 2023 ला परत 78.4. म्हणजे सावरलं, पण कोविड जपान आणि स्वित्झर्लंडलाही झाला आणि तिथे आयुर्मान 84 च्या आसपास आहे, म्हणून तुलना कायम तेवढ्याच पैसेवाल्या देशांशी करा.

आता थांबू नका, कोण मरतंय ते बघा, खरी गोष्ट इथेच आहे. अॅन केस आणि अँगस डीटन या अर्थतज्ज्ञांनी 2015 मध्ये दाखवलं की मध्यमवयीन गोऱ्या अमेरिकनांचे मृत्यू वाढतायत, कारणं ड्रग्ज, दारूने खराब झालेलं लिव्हर आणि आत्महत्या, आणि सगळ्यात जास्त मार कमी शिकलेल्यांना. 2021 ते 2023 दरवर्षी ड्रग्जच्या ओव्हरडोसने 1 लाखाच्या वर माणसं गेली, 2024 ला हा आकडा 80 हजारांच्या आसपास आला. एवढी घरं उद्ध्वस्त होतात आणि वाढीच्या आकड्यात ते कुठेच दिसत नाही, याचा मला खरंच त्रास होतो.

उलट बाजूचा आकडाही मुद्दाम शोधा. हिंसक गुन्ह्यांचा दर 1991 च्या मानाने साधारण निम्मा झालाय, 2020 ला खून जवळपास 30 टक्क्यांनी वाढले पण नंतर उतरले, त्यामुळे एकाच वर्षावरून निकाल देऊ नका, निदान वीसेक वर्षांचा ग्राफ बघा.

शेवटी आयुर्मानाचा आणि मृत्यूंचा ग्राफ डिग्री असलेले आणि नसलेले असा वेगळा काढा, कारण देशाच्या सरासरीत ही दरी लपून जाते.