आधी रिकामं भांडं मोजा: धातूंच्या हायड्राइडांवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्या एक ग्रॅम पावडरीने १.८ टक्के हायड्रोजन गिळला. पावडर लॅन्थॅनम आणि निकेलच्या मिश्रधातूची होती, एका लॅन्थॅनमला पाच निकेल. हायड्रोजन शोषला की त्याचं हायड्राइड, म्हणजे धातू आणि हायड्रोजनचं संयुग, बनतं. हा मिश्रधातू वजनाच्या साधारण १.४ टक्केच हायड्रोजन घेतो, हे या क्षेत्रात सगळ्यांना तोंडपाठ असतं. म्हणजे माझ्या हाती घबाड लागलं होतं. रात्री घरी फोन करून सांगूनही टाकलं. सकाळी लॅबमधल्या सिनियर ताईने आलेख पाहिला आणि एवढंच विचारलं, "काल रात्री एसी कुणी वाढवला होता का गं?"

वाढवला होता. मीच.

आमचं उपकरण साधं असतं. ठरावीक आकारमानाच्या टाकीत हायड्रोजन भरायचा, झडप उघडून तो नमुन्यावर सोडायचा आणि दाब किती उतरला ते पाहायचं. जेवढा उतरला तेवढा वायू नमुन्याने घेतला. आता हिशेब करा. १०० मिलिलिटर जागेत ५० बार दाबाला सुमारे २०५ मिलिमोल हायड्रोजन असतो. माझा नमुना त्यातला जेमतेम ७ मिलिमोल घेणार. खोली ३ अंशांनी गार झाली की दाब एक टक्का उतरतो, आणि हा एक टक्का म्हणजे दोन मिलिमोल. सॉफ्टवेअरमध्ये तापमान मी सुरुवातीलाच एकदा टाकून ठेवलेलं, त्यामुळे खोलीचा गारवा त्याने निमूटपणे माझ्या पावडरीच्या नावावर जमा केला.

या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला मी हीच गोष्ट आधी सांगते. आपण ज्याच्यावर काम करतो तो हायड्रोजन जवळजवळ कधीच थेट दिसत नाही. दाबावरून, वजनावरून, स्फटिक किती फुगला त्यावरून आपण त्याचा अंदाज बांधतो. म्हणून आकडा एका पद्धतीने आला तर त्याला अफवा समजा, दोन वेगळ्या पद्धतींनी तोच आला तर बोलायला हरकत नाही.

थोडी पार्श्वभूमी. हायड्राइडांचे ढोबळ तीन गट पाठ्यपुस्तकात सापडतील: सोडियम किंवा कॅल्शियमसारखी क्षारधर्मी, पॅलेडियमसारखी धातूच्या जाळीत हायड्रोजन मुरवणारी, आणि धातू-हायड्रोजन सहसंयुज बंधाची. या चौकटी परीक्षेपुरत्या ठीक आहेत. 'हायड्राइड' म्हटलं की हायड्रोजनवर ऋणभार असणारच, असं मात्र धरून चालू नका. कोबाल्टला चार कार्बन मोनॉक्साइड आणि एक हायड्रोजन जोडलेलं संयुग नावाने हायड्राइड आहे आणि वागतं तीव्र आम्लासारखं.

ऊष्मागतिकीचं एक गणित मात्र अंगवळणी पडू द्या. हायड्रोजन वायू घन पदार्थात शिरला की त्याची एन्ट्रॉपी (विस्कळीतपणाचं माप) जवळजवळ सगळी जाते, मोलमागे साधारण १३० ज्यूल प्रति केल्विन. धातू कोणताही असो, हा आकडा फारसा हलत नाही. मग हायड्राइड कोणत्या तापमानाला वायू सोडेल हे मुख्यतः बंधाच्या ऊर्जेवर ठरतं. मॅग्नेशियम हायड्राइडात ७.६ टक्के हायड्रोजन असतो, ऐकायला सुरेख. पण तो सोडवायला मोलमागे सुमारे ७५ किलोज्यूल लागतात. ७५,००० ला १३० ने भागा: ५७७ केल्विन, म्हणजे सुमारे ३०० अंश सेल्सिअस. साठवणीसाठी मॅग्नेशियमवर कामं इतकी वर्षं का चालली आहेत, ते या एका भागाकारात आहे.

आता माझा आवडता किस्सा. १९३७ मध्ये पोटॅशियम आणि ऱ्हेनियमचं एक विचित्र संयुग मिळालं. त्यात ऱ्हेनियमवर उणे एक भार आहे आणि सोबत चार पाण्याचे रेणू आहेत, असं ठरवलं गेलं. पुढे लक्षात आलं की यात धातूला हायड्रोजन जोडलेला आहे. मग सूत्रात हायड्रोजन चार झाले, नंतर आठ. अखेर १९६४ मध्ये न्यूट्रॉन विवर्तनाने, म्हणजे स्फटिकावर न्यूट्रॉन सोडून अणूंच्या जागा शोधण्याच्या पद्धतीने, पक्कं झालं: एका ऱ्हेनियमभोवती नऊ हायड्रोजन. रूढ हिशेबाने धातूचं ऑक्सिडीकरण उणे एकवरून थेट अधिक सातवर गेलं. त्या लोकांना हसू नका. जड धातूशेजारी एक इलेक्ट्रॉनचा हायड्रोजन क्ष-किरणांना दिसणं म्हणजे ढोलाशेजारी टाचणी पडल्याचा आवाज ऐकण्यासारखं आहे.

न्यूट्रॉनला हायड्रोजन उत्तम दिसतो, पण साधा हायड्रोजन न्यूट्रॉन इतके इतस्ततः विखुरतो की पावडरीच्या आलेखाची पार्श्वभूमी वर चढते. म्हणून नमुना ड्यूटेरियम, म्हणजे हायड्रोजनचा जड भाऊ, वापरून बनवतात. न्यूट्रॉन केंद्रावर वेळ मिळवायला प्रस्ताव लिहावा लागतो आणि काही महिने वाट पाहावी लागते. तो प्रस्ताव पहिल्याच वर्षी लिहायला शिका. मी तिसऱ्या वर्षी शिकले.

रेणूंच्या बाजूला जाणार असाल तर प्रश्न नुसता 'किती' उरत नाही, 'कसे' हाही येतो. १९८४ मध्ये टंगस्टनच्या एका संयुगात हायड्रोजनचा रेणू न तुटता, अख्खाच धातूला चिकटलेला दाखवला गेला. त्यातलं दोन हायड्रोजनमधलं अंतर ०.८२ अँगस्ट्रॉम, मोकळ्या रेणूत ते ०.७४ असतं. त्यानंतर अनेक 'पॉलिहायड्राइड', म्हणजे एका धातूला बरेच हायड्रोजन असलेली संयुगं, पुन्हा तपासावी लागली. एनएमआरमध्ये (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचे संकेत टिपणारी पद्धत) शून्याच्या पलीकडे उणे बाजूला शिखर दिसलं की नवशिके हुरळतात, कारण ती धातूला जोडलेल्या हायड्रोजनची खूण असते. ते सुटे हायड्रोजन आहेत की जोडीने बसलेले, हे शिखराच्या जागेवरून ठरत नाही.

अतिदाबाच्या हायड्राइडांचं आकर्षण मला कळतं. लॅन्थॅनमभोवती हायड्रोजनचा पिंजरा, एकास दहा, आणि सुमारे १७० गिगापास्कल दाबाखाली २५० केल्विनला अतिसंवाहकता, म्हणजे वीज विनारोध वाहणं. हे निकाल २०१९ चे. पण तिथला नमुना दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये दाबलेला, केसाच्या जाडीपेक्षा लहान असतो, आणि त्यातला हायड्रोजन बहुधा धातूची जाळी किती फुगली यावरूनच मोजलेला असतो. खोलीच्या तापमानाला अतिसंवाहकता मिळाल्याचे दोन गाजलेले शोधनिबंध २०२२ आणि २०२३ मध्ये मागे घेतले गेले, हेही ठाऊक असू द्या. हिरे फुटल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला बसता येत असेल तर जरूर जा. मला जमलं नसतं.

सुरक्षेबद्दल थोडक्यात, कारण यात मतभेदाला जागा नाही. हवेत ४ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान हायड्रोजन पेट घेतो आणि ज्योत उजेडात दिसत नाही. सोडियम हायड्राइड पेटलं तर पाणी नाही, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही नाही. कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीची खास पावडर. ती कुठल्या कोपऱ्यात ठेवली आहे हे पहिल्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

आणि माझी पावडर? टाकीला तापमापक लावला, सॉफ्टवेअरला त्याच्याशी जोडलं. मग रिकामं भांडं रात्रभर लावून ठेवलं. त्या रिकाम्या भांड्यानेही थोडा हायड्रोजन 'घेतला'. एक सांधा बारीक गळत होता. खऱ्या शोषणाची रेषा काही वेळाने सपाट होते, गळतीची तशीच उतरत राहते, हे मला त्या रात्री कळलं. सांधा बदलला, पुन्हा मोजलं, मग तोच नमुना तापवून बाहेर आलेला वायूही मोजला. आत जाताना १.३८, बाहेर येताना १.३६. या वेळी घरी फोन केला नाही, पण वहीत दोन्ही आकडे लाल शाईने लिहिले आणि शेजारी खोलीचं तापमान.