वाडीतलं बावखल कसं साफ करायचं: ईस्टर ते पाऊस एवढ्या दिवसात होतं

आमच्याकडे वसईच्या पश्चिम पट्ट्यात, म्हणजे गास, निर्मळ, भुईगाव, नंदाखाल, आगाशी ह्या बाजूला, जुनी वाडी म्हटली की तिच्यात बावखल आलंच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, बावखल म्हणजे वाडीतला मोठा खोलगट खड्डा, उतरत्या काठांचा, पावसाचं पाणी त्यात साठतं आणि खालून झरेही असतात. पूर्वी ह्याच्यावर रहाट असायचे, बैल गोल फिरायचे आणि पाटाने केळींना, पानवेलींना पाणी जायचं. आता बरीच बावखलं बुजवून बिल्डिंगा झाल्या, आणि जी उरलीत ती गाळाने आणि प्लॅस्टिकने भरलीत. आमचं पण तसंच झालेलं. दोन उन्हाळे घरच्याच माणसांनी मिळून ते साफ केलं, त्यात काय चुकलं आणि काय जमलं ते सगळं लिहितेय, कुणाला करायचं असेल तर उपयोग होईल.

आधी हे का करायचं ते. आमची वाडी जेमतेम २० गुंठे, केळी, नारळ, थोडा सोनचाफा, घरापुरती भाजी. पाणी कमी पडायला लागलं तेव्हा आम्ही बोअर मारली. पहिलं वर्ष छान गेलं, दुसऱ्या एप्रिलमध्ये केळीच्या पानांच्या कडा करपायला लागल्या, आधी वाटलं ऊन लागलं, मग सासूबाईंनी नळाखाली ओंजळ धरली, एक घोट घेतला आणि थुंकून टाकला, म्हणाल्या "मचूळ झालंय गो, वाडी मारशील ह्या पाण्याने". त्या दिवशी बोअरचं बटण बंद केलं ते आजतागायत.

ह्याचं कारण साधं आहे पण समजून घ्या. समुद्राजवळच्या जमिनीत गोडं पाणी हलकं म्हणून खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा १ मीटर वर असेल तर हिशोबाने तिच्याखाली ४० मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं, आणि तीच पातळी उपसून अर्धा मीटर खाली आणलीत की खालचं खारं २० मीटर वर सरकतं. म्हणजे बोअरने खोलवरून जोरात ओढलं की खाऱ्याला आपणच वर बोलावतो. बावखल वरचं वरचं पाणी देतं आणि पावसाळ्यात तेच पाणी जमिनीत मुरवून गोड्याची पातळी वर ठेवतं, आजूबाजूच्या विहिरीपण त्याच्यावर जगतात. वसईचे धर्मगुरू आणि लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी हरित वसईसाठी एवढी वर्षं आवाज उठवला तो ह्याच पाण्यासाठी आणि वाड्यांसाठी.

आता वेळ. आम्ही हिशोब चर्चच्या कॅलेंडरवर धरतो आणि तो बरोबर बसतो. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलच्या मध्ये कधीतरी येतो, ईस्टर धरून पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट, म्हणजे पवित्र आत्म्याचा सण, आणि पाऊस आमच्याकडे साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे ईस्टर झाला की लगेच हात घालायचा आणि पेंटेकॉस्टच्या आत काम आटपायचं. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात जड काम काढू नका, घरातले मोठे उपवास धरतात आणि उन्हात फावडं मारून चक्कर येते. ईस्टर उशिरा आला तर दिवस कमी पडतात, मग दोन वर्षांत अर्धं अर्धं करा, घाईने सगळं उकरून ठेवलं आणि पाऊस आला तर काठ ढासळतो.

फावड्याच्या आधी सातबारा काढा. जुन्या वाड्यांत बावखल सामाईक असतं, चुलत्यांची, आत्यांची नावं असतात, कधी ते क्षेत्र पोटखराब्यात, म्हणजे लागवडीला न येणाऱ्या जमिनीत, दाखवलेलं असतं. सगळ्या हिस्सेदारांना घरी बोलवा, चहा द्या आणि स्पष्ट सांगा की साफ करतोय, बुजवत नाय आणि विकत पण नाय. आमच्या मोठ्या काकांना आधी वाटलं की आम्ही जागा मोकळी करून घेतोय, महिनाभर बोलत नव्हते, आम्ही आधी सांगायला हवं होतं. कामाच्या आधीचे फोटो पण काढून ठेवा. आणि कुणी येऊन म्हणालं की फुकटात डेब्रिज टाकून सपाट करून देतो, तर गेटवरूनच परत पाठवा, आमच्याकडे असा एक ट्रक पहाटे खाली होता होता राहिला.

पाणी उपसताना सगळ्यात मोठी चूक होते ती एका दिवसात रिकामं करण्याची. काठाची माती पाण्याने भिजून जड झालेली असते, तिला आतून पाण्याचाच टेका असतो, तो एकदम काढला की काठ आत बसतो. पहिल्या वर्षी आमचा पूर्वेचा काठ असाच नारळासकट सरकला, नारळ वाचला पण वाकडाच राहिला. रोज हात-दीड हात पाणी उतरवा, त्याहून जास्त नको, आणि ते पाणी गटारात न सोडता नारळाच्या आळ्यात सोडा. एका कोपऱ्यात गुडघाभर पाणी ठेवायचंच, मासे, बेडूक, कासव तिथे जमा होतात. गाळात पाणदिवड निघेल, ती विषारी नसते, मारू नका, बादलीत घालून त्या कोपऱ्यात सोडा. बाकी सापांची ओळख नसेल तर हात लावायचा नाही, सर्पमित्राला फोन करायचा.

पाणी उतरलं की तीन-चार दिवस गाळ तडकू द्या. मग फावडं, घमेलं आणि माणसांची रांग, जेसीबी शक्यतो नको. जेसीबीवाल्याला कुठे थांबायचं ते कळत नाही, तो सरळ उभा कट मारतो आणि खोल जातो, खोल गेलं की पुन्हा तेच खाऱ्याचं संकट. थांबायचं कुठे ते रंगावरून कळतं, वरचा गाळ काळा, वास मारणारा, लोण्यासारखा असतो, तो संपून पिवळट रेती किंवा मुरूम लागला की बस. आमच्याकडे त्या थरावरच एक मातीचं गाडगं मिळालं, रहाटाच्या माळेतलं, मानेला दोरी बांधायची खाच तशीच, आत गाळ घट्ट भरलेला. दिराने नळाखाली धरून बोटाने साफ केलं तर खाचेत काथ्याचे दोन धागे अजून अडकलेले. सासऱ्यांनी हातात घेतलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत, रहाटाचा बैल हाकायला लहानपणी तेच बसायचे. ते गाडगं आता घरातल्या अल्ताराखालच्या, म्हणजे देवाच्या जागेखालच्या, फळीवर आहे. गाडगी लागली म्हणजे तुम्ही जुन्या तळाला पोचलात, तिथून पुढे एक घमेलंही काढू नका.

कामाची वेळ सकाळच्या मिस्सानंतर (चर्चमधल्या प्रार्थनेनंतर) ते दहा, आणि चारनंतर संध्याकाळपर्यंत. दहाला पेज आणि भाजलेला सुका बोंबील, दुपारी तांदळाची भाकरी. मे महिन्यात संध्याकाळी क्रुसाजवळ जपमाळ असते, तिला जायचं म्हणून सहाला फावडी धुवायची हे ठरलेलंच, त्याने अंगमेहनतीला एक शिस्त येते. रविवारी कामाला हात लावत नाही. शेजारच्या घरांना हाक मारा, रांगेत दहा माणसं असतील तर ४० बाय ३० फुटांचं बावखल पंधरा दिवसांत होतं. त्यांच्या कामाला मग तुम्ही जायचं.

निघालेला गाळ म्हणजे खत आहे, टाकू नका. पसरून पंधरा दिवस उन्हात वाळवा, प्लॅस्टिक, काचा, औषधांच्या बाटल्या वेचून काढा. वाळल्यावर वर पांढरा थर धरला तर त्यात मीठ आहे, तो गाळ पहिल्या दोन-तीन जोरदार पावसात धुवून निघू दे आणि मगच वापरा. पांढरं नसेल तर शेणखतात मिसळून नारळाच्या आळ्यात आणि केळीच्या बुंध्याला द्या, बुंध्याला चिकटवून नको, हातभर लांब.

काठाचं काम बायकांनी पुढाकार घेऊन केलं तर जास्त नीट होतं असा माझा अनुभव आहे. सिमेंट लावू नका, ना तळाला ना काठाला, सिमेंट लावलं की ती टाकी झाली, मुरणं पण बंद आणि झरे पण बंद. काठाला उतार द्या, जेवढी खोली तेवढाच आडवा उतार. उतरायची जागा तेवढी दगडांची, चुन्या-सिमेंटशिवाय नुसते बसवलेले. पहिला पाऊस पडला की काठावर वाळा लावा, एक एक वितीवर, त्याची मुळं सरळ खाली जातात आणि माती धरून ठेवतात. वरच्या बाजूला करंज किंवा भेंडाचं झाड असेल तर तोडू नका, सावलीने पाणी कमी उडतं.

घराच्या कौलांचं पाणी पन्हाळीतून चर काढून बावखलात आणा, मध्ये एक छोटा खड्डा ठेवा म्हणजे माती तिथेच बसेल. पहिल्या पावसाचं पाणी मात्र बाहेर सोडा, छपरावरची घाण असते. साबणाचं पाणी येऊ द्यायचं नाही, कपडे धुवायचा दगड काठापासून लांब न्या. संडासची टाकी ५० फुटांच्या आत असेल तर बावखलाचं पाणी प्यायला अजिबात वापरू नका, आणि नवीन टाकी तिथे बांधूच नका.

डासांसाठी गप्पी मासे सोडा. मांगूर कुणी फुकट दिले तरी नकोत, थाई मांगूर पाळायला आपल्या देशात बंदी आहे आणि तो बाकीचं सगळं खाऊन टाकतो. जलपर्णी दिसली की त्याच दिवशी हाताने काढा, पुढच्या आठवड्यावर टाकलं तर अख्खं पाणी झाकून जातं. पोरांसाठी बांबूचं कुंपण आणि काठावर दोर बांधलेली ट्यूब, हे मी काम संपायच्या आधी करून घेतलं, पाणी भरेपर्यंत थांबू नका.

४० बाय ३० आणि १० फूट खोल म्हणजे कागदावर साधारण ३ लाख ४० हजार लिटर, उतार वजा जाता साधारण १ लाख ८० हजार धरा, म्हणजे १० हजाराचे १८ टँकर, आणि झऱ्यांनी येतं ते वेगळंच. पंप लहान घ्या, सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास, मधे पाण्याला वर यायला वेळ द्या. फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पंपाच्या पाण्यातल्या पाइपाचं तोंड, तळाला टेकवू नका, तरंगत्या डब्याला बांधून वरच्या हातभर पाण्यातच ठेवा, गोडं पाणी वरच असतं. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, काही शे रुपयांत मिळतो, दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही मोजतो, त्या दिवशी मिस्साला जातोच म्हणून विसरायला होत नाही. प्यायच्या पाण्याचा सरकारी आकडा ५०० आहे, दुसरा मार्गच नसेल तर २०००पर्यंत चालवून घेतात, पण केळी आणि पानवेल त्याच्या खूप आधी तक्रार करतात. आमच्याकडे आकडा ८००च्या वर गेला की केळीचं पाणी एक दिवसाआड करतो आणि बुंध्यावर पेंढा घालतो, १२००ला पंप बंद. नारळ जरा जास्त सोसतो.

बावखलात एक बांबू रोवा आणि त्यावर फुटाफुटाला ऑइलपेंटचे पट्टे मारा. वहीत तारीख, पट्टा आणि टीडीएस, एवढंच लिहायचं. आमच्या घरी हे काम धाकट्या मुलीकडे आहे, ती सहावीत आहे, आणि एप्रिलमध्ये पाणी तिसऱ्या पट्ट्याच्या खाली गेलं की पंपाची चावी तीच काढून ठेवते.