आर्केडचा गेम मेगा ड्राइव्हवर आला असता तर? अशी यादी मनापासून आणि नीट कशी करायची

"हा गेम मेगा ड्राइव्हवर यायलाच पाहिजे होता" असं आपण सगळेच सेगाच्या त्या सोळा बिट कन्सोलबद्दल म्हणतो, समोरचा "हो ना यार" म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. पण हीच इच्छा वही घेऊन, आकडे मांडून बघितली ना, की न झालेला पोर्ट (आर्केड गेमची कन्सोलवरची आवृत्ती) डोळ्यांसमोर चालायला लागतो, कुठे रंग कमी झाले असते, कुठला शत्रू गाळावा लागला असता, कुठली लेव्हल राहिली असती, सगळं दिसतं. मी अशा याद्या बरीच वर्षं करतोय, त्यातून जी पद्धत बसलीय ती सांगतो. उदाहरणं मेगा ड्राइव्हची आहेत कारण माझा जीव त्याच्यात, पण दुसरा कुठलाही जुना कन्सोल घेतलात तरी पद्धत हीच.

आधी एकच कन्सोल ठरवा. तीन कन्सोल मनात धरून यादी केली की काहीच पक्कं होत नाही. मग त्या कन्सोलचे आकडे पहिल्या पानावर लिहा. मेगा ड्राइव्हचे असे: १९८८ ला जपानमध्ये आला, मुख्य प्रोसेसर मोटोरोला ६८००० साधारण ७.६७ मेगाहर्ट्झवर, आवाजासाठी सोबत झेड८०, ६४ केबी रॅम, वेगळी ६४ केबी व्हिडिओ रॅम, स्क्रीन ३२० बाय २२४, स्क्रोल होणारे दोन बॅकग्राउंड, एकूण ८० स्प्राइट (म्हणजे बॅकग्राउंडवर हलणारी चित्रं, माणसं, गोळ्या) पण एका आडव्या ओळीत जास्तीत जास्त २०, आणि ५१२ रंगांतून निवडलेले ६४, तेही १६-१६ च्या चार पॅलेटमध्ये (रंगांच्या संचांत) वाटलेले ज्यात प्रत्येकातला एक पारदर्शक. स्प्राइट लहानमोठा करणं किंवा फिरवणं हार्डवेअरमध्ये नाहीच. एवढं पाठ झालं की निम्मं काम झालं समजा.

आता गेम. आठवणीवर विसंबू नका, आठवणीत प्रत्येक गेम असतो त्यापेक्षा मोठा असतो. मेम (MAME) हा एमुलेटर, म्हणजे आर्केडचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्रॅम, १९९७ पासून चालू आहे आणि या कामाला त्याच्यासारखं काही नाही. गेम चालू असताना टॅब दाबून मेनूत मशीनची माहिती उघडा, प्रोसेसर कुठला, किती मेगाहर्ट्झचा, साउंड चिप कुठली, स्क्रीन किती बाय किती, सगळं तिथे लिहिलेलं असतं. एफ४ दाबलं की पॅलेट आणि टाइल (चित्राचे छोटे चौकोनी तुकडे) उघडे दिसतात. गेम मधेच थांबवा (पॉज करा) आणि स्क्रीनवर माणसं मोजा, खरंच बोट ठेवून मोजा. सगळ्यात गर्दीची जागा शोधा, पोर्टचा जीव तिथेच जातो.

पहिली चाळणी बोर्डाची, म्हणजे आर्केड मशीनच्या आतल्या सर्किटची. ६८००० वाला बोर्ड असला की आशा वाढते, कारण प्रोग्रॅमची भाषा तीच. सेगाचा सिस्टिम १६ बोर्ड बघा, ६८००० दहा मेगाहर्ट्झचा, स्क्रीन ३२० बाय २२४ म्हणजे मेगा ड्राइव्हच्या बरोब्बर मापाची. ऑल्टर्ड बीस्ट आणि गोल्डन ॲक्स त्याच बोर्डावरून आले आणि चांगले आले, गोल्डन ॲक्सला तर घरच्या आवृत्तीत एक जास्तीची लेव्हल मिळाली. आणि म्हणूनच मला १९८७ च्या शिनोबीची सगळ्यात जास्त हळहळ वाटते. तोच बोर्ड, तेच माप, मास्टर सिस्टिमवर आला, निन्टेंडोच्या आठ बिटवर आला, पीसी इंजिनवरही आला, आणि सेगाच्या स्वतःच्या सोळा बिट मशीनवर मात्र आला नाही. तिथे मिळाला रिव्हेंज ऑफ शिनोबी, जो अप्रतिम गेम आहे याबद्दल वादच नाही, पण तो दुसरा गेम आहे. एका फटक्यात मरायचं, मुलांना सोडवायचं, ती आर्केडची शिस्त त्यात नाही. माझ्या यादीत शिनोबी कायम एक नंबरवर.

दुसरी चाळणी स्प्राइटची, आणि इथे वेळ घालवा कारण इथेच खरी मजा आहे. उदाहरणाला कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स घेऊ, म्हणजे मुस्तफावाला. त्या काळी तो घरच्या कुठल्याच मशीनवर आला नाही. मेगा सीडीवर (मेगा ड्राइव्हला जोडायच्या सीडी मशीनवर) त्याच कॉमिकवरचा एक गेम आला होता पण तो गाडी चालवत गोळ्या मारायचा, वेगळाच. तर आकडेमोड करा. एक माणूस साधारण ६४ पिक्सेल रुंद आणि ९६ उंच धरा. मेगा ड्राइव्हचा एक स्प्राइट जास्तीत जास्त ३२ बाय ३२, म्हणजे एका माणसाला सहा स्प्राइट. एकूण ८० आहेत म्हणजे तेरा माणसं बसतात, अरे वा, असं वाटतं. पण एका आडव्या ओळीत स्प्राइटचे मिळून ३२० पिक्सेलच दिसतात, त्याच्या पुढचे गायब होतात, आणि मारामारीच्या गेममध्ये सगळे एकाच रांगेत उभे असतात. ३२० भागिले ६४ म्हणजे पाच. दोन खेळाडू आणि तीन गुंड, संपलं. त्यात एखादा डायनोसॉर मधे आला की त्याची रुंदी एकट्याचीच दोन-तीन माणसांएवढी.

मग उपाय काय, तर एक म्हणजे माणसं बारीक काढायची. आणि बारीक तशीही काढावीच लागतात, कारण कॅपकॉमच्या त्या बोर्डाची स्क्रीन ३८४ बाय २२४ आहे आणि ती त्याच चार बाय तीनच्या टीव्हीवर पसरायची, म्हणून तिथला पिक्सेल अरुंद. तेच चित्र जसंच्या तसं ३२० च्या स्क्रीनवर आणलं तर सगळे जाडे दिसणार. रुंदी सहापैकी पाच भाग करायची, ६४ ची झाली साधारण ५३, पण स्प्राइटची रुंदी आठ-आठ पिक्सेलच्या पटीतच असते, म्हणून अजून थोडं कापून ४८ करायची, आता ३२० मध्ये सहा माणसं बसली. एक गुंड कमावला! हे गणित पहिल्यांदा जुळलं तेव्हा मला जो आनंद झाला तो अजून आठवतो.

व्हिडिओ रॅमचंही बघा. ८ बाय ८ ची एक टाइल ३२ बाइट खाते. पूर्ण स्क्रीन म्हणजे ४० बाय २८, अशा ११२० टाइल, सगळ्या वेगवेगळ्या असतील तर ३५ केबी, म्हणजे ६४ मधले निम्म्याहून जास्त गेले फक्त मागच्या चित्रात. म्हणून बॅकग्राउंडमध्ये परत परत येणारे तुकडे शोधायचे, तीच भिंत, तीच खिडकी, तेच झाड. उरलेल्या जागेत माणसं. एका माणसाची एक पोझ ९६ टाइल म्हणजे ३ केबी, आणि दर फ्रेमला नवीन भरायला मिळतात साधारण ७ केबी, म्हणजे एका फ्रेममध्ये दोन माणसांची पोझ बदलता येते. कोणीच दर फ्रेमला पोझ बदलत नाही, त्यामुळे पाळी लावली की जमतं. स्ट्रीट्स ऑफ रेज २ बघा ना, १९९२ चा, त्याच मशीनवर, मारामारीचाच. जमत नाही असं कोणी म्हणालं की मी तेवढंच नाव घेतो.

रंगांचं थोडक्यात. आर्केडला प्रत्येक गुंडाला स्वतःचा पॅलेट असतो, इथे सगळ्यांत मिळून चार. मी एक खेळाडू आणि स्कोअरला देतो, एक शत्रूंना, दोन मागच्या चित्राला. त्यामुळे एकाच चित्राचे लाल-निळे-हिरवे गुंड एकाच वेळी स्क्रीनवर आणणं अवघड, यादीत तसं लिहून टाका.

कार्ट्रिजचं माप नक्की लिहा. सरळ वापरायला ४ एमबी, म्हणजे ३२ मेगाबिट, त्याच्या वर जायचं तर बँक बदलायची (कार्ट्रिजचे भाग आळीपाळीने समोर आणायची) सोय लागते, जी ४० मेगाबिटच्या सुपर स्ट्रीट फायटर २ ला करावी लागली. कॅडिलॅक्सची नुसती चित्रं आर्केडमध्ये ४ एमबीची आहेत, आवाजाचे २ एमबी वेगळे. फायनल फाइटची चित्रं २ एमबी. स्ट्रायडर मेगा ड्राइव्हवर १९९० मध्ये ८ मेगाबिटमध्ये आला तेव्हा तेच केवढं मोठं वाटलं होतं! त्यामुळे आपला काल्पनिक पोर्ट कुठल्या वर्षी आला असता हेही ठरवा, १९९० च्या कार्ट्रिजमध्ये १९९४ चा गेम कोंबू नका.

आवाजाच्या बाबतीत एवढंच बघा की आर्केडला वायएम२१५१ ही साउंड चिप आहे का. त्याचे आठ चॅनेल, मेगा ड्राइव्हच्या वायएम२६१२ चे सहा, घराणं एकच, त्यामुळे गाणी बऱ्यापैकी तशीच उतरतात. क्यूसाउंड या दुसऱ्या साउंड चिपवाले गेम, ज्यात कॅडिलॅक्स पण आला, सगळे रेकॉर्ड केलेल्या आवाजांवर चालतात, त्यांची गाणी नव्याने बसवावी लागतील.

काही गेम या चाळणीतून जातच नाहीत आणि ते प्रामाणिकपणे लिहावं. पॉवर ड्रिफ्टमध्ये तीन ६८००० आहेत आणि सगळा रस्ताच लहानमोठ्या होणाऱ्या स्प्राइटचा. मेगा ड्राइव्हवर प्रत्येक माप आधीच काढून कार्ट्रिजमध्ये ठेवावं लागेल, आणि उरेल ती वेगळीच रेस. १९९२ चा गोल्डन ॲक्स रिव्हेंज ऑफ डेथ ॲडर सिस्टिम ३२ वरचा, चार खेळाडू, प्रोसेसरच वेगळा एनईसीचा व्ही६०. तो घरी यायला २०२० उजाडलं, ॲस्ट्रो सिटी मिनी या सेगाच्या छोट्या आर्केड मशीनवर. याला मी "कापून आला असता" या खान्यात टाकतो, दोन खेळाडू, झूम नाही, आणि तरी गोल्डन ॲक्स ३ पेक्षा मला तो जास्त आवडला असता.

आता एक खाना जो लोक विसरतात: का आला नाही? दर वेळी हार्डवेअर कारण नसतं. कॅपकॉम सुरुवातीला मेगा ड्राइव्हवर स्वतः गेम काढतच नव्हती, घोल्स अँड घोस्ट्स आणि स्ट्रायडर सेगाने परवाना घेऊन स्वतः बनवले. फायनल फाइट आधी सुपर निन्टेंडोवर गेला, तोही एकट्याने खेळायचा, गाय (Guy) नावाचा खेळाडू गायब, एक लेव्हल गायब. सेगाचा टेट्रिस तर बनून तयार होता आणि परवान्याच्या भानगडीत विक्रीला येऊ शकला नाही. कॉमिक किंवा सिनेमावरचे गेम असले की परवाना अजून एका माणसाचा लागतो. हे कारण लिहिलं की यादी वाचणाऱ्याला कळतं की अमुक गेम मशीनमुळे अडला की कागदामुळे, आणि कागदामुळे अडलेल्यांचं मला जास्त वाईट वाटतं.

मग प्रत्येक गेमला एक पान. वर नाव, वर्ष, बोर्ड. खाली गर्दीच्या जागेचा फोटो आणि मोजलेली माणसं. मग काय तसंच राहिलं असतं, काय कापलं असतं, कार्ट्रिज किती मेगाबिट, कुठल्या वर्षी, आणि का आला नाही. कापायचं काय हे ठरवताना गेमचा जीव कशात आहे ते स्वतःला विचारा. सामुराय शोडाउन मेगा ड्राइव्हवर आला तेव्हा माणसं मोठी ठेवली आणि अर्थक्वेक नावाचा भला मोठा लढवय्या गाळला, सुपर निन्टेंडोवर अर्थक्वेक ठेवला आणि सगळ्यांनाच छोटं केलं. दोन्ही निर्णय विचार करून घेतलेले आहेत. मी असतो तर माणसं मोठीच ठेवली असती, तलवारीचा एक घाव एवढ्या मोठ्या माणसाला बसतो तेव्हाच तो लागल्यासारखा वाटतो.

दहा पानं झाली की थांबा आणि त्यातलं सगळ्यात सोपं एक निवडा, कारण आता हे खरंच करता येतं. मेगा ड्राइव्हसाठी एसजीडीके नावाचं फुकट किट आहे, सी भाषेत लिहायचं. डेरियस हा तीन स्क्रीनचा १९८६ चा आर्केड गेम २०१९ च्या मेगा ड्राइव्ह मिनीत (सेगाने जुने गेम भरून काढलेल्या छोट्या कन्सोलमध्ये) आला तो एका हौशी माणसाने केलेल्या पोर्टवरून, आणि मिनी २ मध्ये फँटसी झोनचा नवा पोर्ट आला. फायनल फाइटवरही हौशी लोकांनी काम केलंय. गेमचे हक्क ज्यांचे आहेत त्यांचेच राहतात, त्यामुळे असलं काही विकायला जाऊ नका, शिकायला आणि स्वतःच्या मशीनवर बघायला करा.

पूर्ण गेम धरू नका. एकच स्क्रीन घ्या, शिनोबीच्या पहिल्या लेव्हलची समजा. मेममधून त्याचा फोटो काढा, रंग मेगा ड्राइव्हच्या ५१२ मधले करा, बॅकग्राउंड दोन पॅलेटमध्ये बसवा, टाइल किती झाल्या मोजा आणि स्क्रीनवर आणा. मग एक माणूस उभा करा, तो चालवा, मग दोन शत्रू, मग चार. जिथे स्प्राइट तुटायला लागतील तो आकडा वहीत शिनोबीच्या पानावर लिहा, आधी अंदाजाने लिहिलेल्या आकड्याच्या शेजारी.