कळलावीचा कंद: ओळखायचा कसा आणि पोटात गेलाच तर काय करायचं

दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीतली शेजारीण वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक कंद घेऊन दारात उभी. "ताई, गावाहून करांदे आलेत. त्यात हा एक वेगळाच निघाला. उकडू का?" कागद उलगडला आणि माझ्या पोटात गोळा आला. बोटापेक्षा जरा जाड, फिकट तपकिरी, गुळगुळीत सालीचा, मधोमध वाकून दोन फाटे फुटलेला. नखानं खरवडलं तर आतून पांढरट. कळलावी होती ती. करांदा हा खायचा रानकंद, आणि हा विषारी. शेजारणीला आधी हात धुवायला लावले, मग खाली बसवलं.

मी त्र्यंबकेश्वर तालुक्यात उपकेंद्रावर नर्सबाई म्हणून २९ वर्षं काढली. या कंदानं माणूस गेलेलाही पाहिला आणि वाचलेलाही. म्हणून जे ठाऊक आहे ते नीट लिहून ठेवते.

पावसाळ्यात कळलावी ओळखायला काही कठीण नाही. अंजनेरीच्या वाटेवर, हरिहरच्या पायथ्याला, पेठ-सुरगाण्याकडे शेताच्या कुडावर श्रावण-भाद्रपदात ती फुललेली दिसते. सहा पाकळ्या, कडा नागमोडी, सगळ्या वर वळलेल्या. टोकाला लाल, बुडाशी पिवळ्या, जणू चूल पेटलीय. म्हणून तर तिला अग्निशिखा म्हणतात. पण फुलापेक्षा भरवशाची खूण पानात आहे. पान लांबट, भाल्यासारखं, आणि त्याच्या टोकाचीच बारीक तार होऊन ती शेजारच्या फांदीला वेटोळं घालते. करांद्याच्या वेलाला असं कधी होत नाही. त्याचं पान बदामाच्या आकाराचं, रुंद, आणि पानांच्या बगलेत छोटे करांदे लटकलेले असतात.

घोळ होतो तो पुढे. दिवाळी सरली की दोन्ही वेल वाळून जातात, फूल नाही, पान नाही, आणि नेमके तेव्हाच लोक कुदळ घेऊन कंद काढायला निघतात. करांदा गोलसर, खडबडीत, मुळ्यांच्या केसांनी भरलेला. कळलावीचा कंद लांबोडा, गुळगुळीत, इंग्रजी व्ही किंवा एल अक्षरासारखा वाकलेला, आणि फाट्याच्या टोकाला कोंब. संस्कृतात तिला लांगली म्हणतात ते याच नांगरासारख्या आकारामुळे. पण कुदळीचा घाव बसून कंद तुटला की आकार कुठला राहतो? त्यामुळे माझा सांगावा एकच: पावसाळ्यात वेल हिरवा असताना ओळखून त्याच्याजवळ खुंटी ठोकून ठेवा आणि हिवाळ्यात खुंटीपाशीच खणा. खुंटी नाही, तर तो कंद घरात आणायचा नाही.

कडू लागलं की कळेल, या भरवशावर तर मुळीच राहू नका. रानातला करांदाही कडूच असतो. आपल्याकडे तो राख घालून उकडतात, पाणी टाकतात, पुन्हा धुतात, तेव्हा कुठे खाण्याजोगा होतो. त्या सवयीनं माणसाला वाटतं, जरा जास्त उकडू, कडवटपणा जाईल. कळलावीतलं विष कोल्चिसिन. ते उकळल्यानं मोडत नाही.

आता औषधाचं. ही वनस्पती औषधी आहे, यात वाद नाही. आयुर्वेदात ती उपविषांत, म्हणजे दुय्यम विषांत मोडते, गुंजा, धोतरा, कण्हेर, रुई यांच्या पंगतीला. वैद्य कंदाचे तुकडे गोमूत्रात भिजवून शोधन करतात, म्हणजे विषाचा जोर कमी करतात, मगच वापरतात, आणि बराचसा वापर बाहेरून लावण्याचा असतो. मूळव्याधीवरच्या कासीसादि तेलात ती आहे. औषध नियम, १९४५ (पूर्वीचे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) यांच्या ई-१ या विषारी द्रव्यांच्या यादीत तिचं नाव आहे, त्यामुळे ज्या पोटात घ्यायच्या औषधात ती असते त्यावर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं, असा इशारा छापावा लागतो. तो वाचा. अॅलोपॅथीतही कोल्चिसिन आहे. पायाचा अंगठा लालबुंद सुजतो त्या गाऊटवर डॉक्टर अर्ध्या मिलीग्रॅमची गोळी देतात. अर्धा मिलीग्रॅम म्हणजे मिठाच्या काही बारीक कणांएवढं वजन झालं. तमिळनाडूत शेतकरी कळलावीची लागवड करतात ती बियांसाठी, कारण बियांतूनही हेच द्रव्य काढतात. म्हणजे विष फक्त कंदात नाही, बीतही आहे. शिवाय कोणत्या कंदात किती, हे जमीन, हंगाम, वय यांवर बदलतं. त्यामुळे "आमचे आजोबा एवढासा तुकडा द्यायचे" या मापाला काही अर्थ उरत नाही. घरी शोधन करायच्या फंदात पडू नका.

कळा लावते म्हणून कळलावी. अडलेल्या बाईच्या बेंबीला, तळपायाला तिचा लेप लावायची जुनी चाल होती, आणि माझ्या नोकरीच्या सुरुवातीला मी ती पाहिलीही आहे. सुईणींबद्दल मला आदर आहे, त्यांच्या हातांनी कितीतरी बाळं जगात आली. पण बाळ आडवं असेल तर नुसत्या कळा वाढवून गर्भाशय फाटायची वेळ येते. आणि लेपानं भागलं नाही की घोटभर पाण्यात उगाळून देण्याचा मोह होतो. बाई अडली असेल तर १०२ ला फोन करा, हे पाप डोक्यावर घेऊ नका.

विषाची चाल समजून घेतली तर पुढचं सगळं लक्षात राहतं. कोल्चिसिन पेशींची वाढ मध्येच थोपवतं. म्हणून ज्या पेशी शरीरात सगळ्यात झपाट्यानं नव्या होतात त्यांच्यावर आधी घाला येतो: आतड्याचं अस्तर, हाडातला मगज जिथं रक्त बनतं, आणि केसांची मुळं. कंद खाल्ल्यावर साधारण दोन ते सहा तासांत, कधी त्याहून उशिरा, उलट्या आणि पटकीसारखे जुलाब सुरू होतात. घसा जळतो, पोटात मुरडा येतो. हे सगळ्यांना दिसतं. नंतरचं दिसत नाही.

मार्गशीर्षातली एक घटना आहे. एका पाड्यावरचा पस्तिशीचा माणूस बांधावरून कंद खणून आणतो, संध्याकाळी उकडतो, खातो. बायकोनं एक घास तोंडात घालून थुंकला, मुलं झोपली होती म्हणून वाचली. रात्री उलट्या-जुलाब. सकाळी एका दवाखान्यात नेलं, दोन सलाईन लागली, संध्याकाळपर्यंत उलटी थांबली, घरी पाठवलं. मी दुसऱ्या दिवशी भेटायला गेले तेव्हा तो अंगणात बसून चहा पीत होता. मलाही वाटलं, सुटला. कंदाचं नाव मी विचारलं नाही, अन्नातून बाधा झाली असेल असंच धरलं. तिसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त यायला लागलं, लघवी बंद झाली, धाप लागली. नाशिकला पोहोचेपर्यंत चौथा दिवस उजाडला होता. तो परत आला नाही. ती चहाची बशी मला अजून दिसते.

म्हणून हे काळजीपूर्वक वाचा. कंद किंवा बी पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी उलटीची वाट बघू नका. तोंडातला उरलेला भाग थुंकायला लावा, चूळ भरायला सांगा. मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोटं घालून उलटी काढू नका. तूप, ताक, एरंडेल यांतलं काही देऊ नका. जुलाब थांबवायची गोळीही नको. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात जा, नाशिकच्या आसपास असाल तर सिव्हिल आहे. पहिल्या एक-दोन तासांत पोहोचलात तर डॉक्टर पोटात सक्रिय कोळसा देतात, तो विष धरून ठेवतो. उशीर झाला तरी त्याचा विचार होतो. यावर हमखास उतारा म्हणून हाताशी काही औषध नाही, त्यामुळे मिळालेला प्रत्येक तास मोलाचा. वाटेत दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राला १८०० ११६ ११७ वर फोन लावून ठेवा.

सोबत उरलेला कंद न्या, शिजलेला असेल तरी. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि शक्य तर वेलाचा फोटो काढा. किती वाजता खाल्लं, किती खाल्लं, हे कागदावर लिहा. डॉक्टरांना नुसतं "काहीतरी कंद खाल्ला" असं सांगू नका. "कळलावी, यात कोल्चिसिन असतं" असं स्पष्ट सांगा. शहरातल्या तरुण डॉक्टरांनी ही केस पाहिलेली नसू शकते, पण कोल्चिसिन म्हटलं की पुढचं त्यांना कळतं.

आणि उलटी थांबली म्हणून पेशंट घरी आणू नका. एखाद्या दिवसाची ती विश्रांती फसवी असते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी सुरुवातीला वाढलेल्या दिसतात, मग तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून घसरायला लागतात. तेव्हा रोजच्या रोज रक्त तपासायला सांगा. किडनी, लिव्हर, हृदय, सगळ्यांवर नजर हवी. या काळात ताप आला तर साधा ताप समजू नका.

दुसऱ्यांदा अशी वेळ आली तेव्हा मी तयार होते. चौदा वर्षांची एक मुलगी, मैत्रिणीबरोबर रानात गेलेली. तिची आई उलटीचं सांगत आली, तशी मी आधी विचारलं, "बाई, कंद कुठंय?" पदरात होता. तासाभरात गाडी निघाली. अकरा दिवस ती नाशिकला होती. घरी आल्यावर चौथ्या दिवशी आई रडत आली, हातात लाकडी फणी, तिला केसांचा झुबका अडकलेला. दोन-तीन आठवड्यांनी केस गळतात ते याच विषामुळे. मी त्यांना हे आधी सांगून ठेवायला हवं होतं, म्हणून आता सगळ्यांना सांगते. ते कायमचे जात नाहीत. पुढच्या गौरीपर्यंत त्या पोरीची वेणी कानाच्या खाली आली होती.