गच्चीची गळती: जुन्या गल्लीतली वरची खोली

धुळ्याच्या जुन्या गल्लीतलं सागवानी खांबांचं घर, वर नंतर टाकलेला स्लॅब. गळती खोलीच्या मधोमध दिसत होती, पण पाणी शिरत होतं कठडा आणि स्लॅबच्या सांध्यातून. उन्हाळ्यात स्लॅब तापून पसरतो, रात्री आकसतो. सांधा तिथेच उघडतो.

वर नवा कोबा घालू नका. चार इंची कोब्याचं वजन चौरस मीटरला सुमारे 200 किलो, जुन्या लाकडावर ते नकोच.

सांधा व्ही आकारात 20 मिमी खोल फोडला. धूळ ब्रशने काढली. ती राहिली तर मसाला पापडासारखा सुटतो. 5 किलो सिमेंट, 15 किलो चाळलेली वाळू, 1 लिटर लॅटेक्स (मसाल्याची पकड वाढवणारं द्रव) आणि लागेल तेवढंच पाणी. कठडा आणि स्लॅबच्या कोपऱ्यात या मसाल्याचा तीन इंची गोल वाटा, म्हणजे गोलाई, काढला, सात दिवस ओलं गोणपाट टाकून पाणी मारलं. मग जाळी दाबून पाणी अडवणाऱ्या कोटिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. काम सकाळी आठच्या आतच. तापल्या स्लॅबवर कोटिंगला फोड येतात.

शेवटी गच्चीचं पाणी बाहेर नेणाऱ्या नळीचं तोंड बंद करून इंचभर पाणी 48 तास साठवून पाहिलं. छत कोरडं राहिलं.