ढगाळ प्लाकमधून लायसोजेन कसा वेगळा करावा

मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस या जीवाणूच्या थरावर फेजने (जीवाणूंना लागणाऱ्या विषाणूने) पाडलेला डाग, म्हणजे प्लाक, स्वच्छ न दिसता ढगाळ दिसला, तर त्यात फेजचा जीनोम सांभाळून वाढणाऱ्या पेशी असण्याची दाट शक्यता असते. फेजचंच रिप्रेसर नावाचं प्रथिन, म्हणजे रिप्रेसर, त्याची मारक जनुकं बंद ठेवतो, म्हणून त्या जगतात. याच पेशी लायसोजेन. प्लाकच्या मधोमध जे काही वाढलं ते सगळं लायसोजेन नसतं, आणि ते सिद्ध करण्यातच या कामाचा बहुतेक वेळ जातो.

स्मेग्मॅटिसचा एमसी²१५५ हा वाण ७एच९ या द्रव माध्यमात ३७ अंशांवर हलवत वाढवा. पेशींच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून सुरुवातीच्या कल्चरमध्ये ०.०५ टक्के ट्वीन ८० (साबणासारखा पदार्थ) घालतात, पण ट्वीन असताना फेज पेशीला नीट चिकटत नाही. त्यामुळे हे कल्चर हजारपट पातळ करून ट्वीन नसलेल्या, १ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड घातलेल्या माध्यमात पुन्हा वाढवा. प्लाक येत नसतील तर आधी इथेच तपासा. गुठळ्या झाल्या तर नळी काही मिनिटं उभी ठेवा आणि वरचं कल्चर वापरा.

लायसेट (फुटलेल्या पेशींतून मिळालेला फेजचा द्रव) तीनदा शुद्ध केलेल्या एकाच प्लाकपासून बनवलेलं हवं. त्याचं टायटर, म्हणजे मिलीला किती फेज, ते काढा: एक लाखपट पातळ केलेल्या लायसेटच्या १० मायक्रोलिटरमधून ४८ प्लाक आले, तर ४८ × १०० × १,००,०००, म्हणजे मिलीला ४८ कोटी फेज. एवढे पुरतात.

आता २५० मायक्रोलिटर कल्चर सुमारे ४ मिली वितळलेल्या टॉप अगारमध्ये (प्लेटवर ओतायचा पातळ अगार, ०.३५ ते ०.४ टक्के) मिसळून लगेच प्लेटवर ओता. रेंगाळलात तर अगार गोळ्या धरतो आणि थर खडबडीत होतो. थर घट्ट झाल्यावर लायसेटचे आणि त्याच्या दहा-दहापट पातळ पायऱ्यांचे ३ ते ५ मायक्रोलिटरचे थेंब ठेवा. थेंब पूर्ण जिरल्याशिवाय प्लेट उलटी करू नका. ३७ अंशांवर चार-पाच दिवसांत स्वच्छ डागांच्या मधोमध उंचवटा उगवेल. तो लूपने उचलून नव्या प्लेटवर स्ट्रीक करा (सुट्या कॉलन्या मिळतील असा रेघांनी पसरवा) आणि सुट्या कॉलनीपासून हे आणखी दोनदा करा. ही पायरी गाळू नये. पेशींवर सुटे फेज चिकटलेले असतात आणि ते पुढच्या चाचणीत खोटा होकार देतात.

दहा-बारा कॉलन्या निवडा. प्रत्येक कॉलनी आधी साध्या प्लेटवर टेकवा, मग ताज्या स्मेग्मॅटिस थरावर. दोन दिवसांत ठिपक्याभोवती स्वच्छ वलय आलं, तर ती कॉलनी फेज सोडते आहे. वलय नाही, पण कॉलनी फेजला दाद देत नाही, असं असेल तर तो बहुधा पृष्ठभाग बदललेला प्रतिकारक उत्परिवर्ती आहे.

वलयवाल्या कॉलनीचं कल्चर वाढवून त्याचा थर करा, शेजारी मूळ वाणाचा थर ठेवा आणि दोन्हींवर त्याच फेजचे पातळ होत जाणारे थेंब टाका. मूळ वाणावर प्लाक, वलयवाल्या कॉलनीच्या थरावर जवळपास काहीच नाही, असं चित्र हवं. सोबत एक दूरचा फेजही टाका. त्याने दोन्ही थरांवर प्लाक पाडले पाहिजेत. तो विचारपूर्वक निवडा: एल५ या फेजच्या लायसोजेनवर डी२९ हा फेज चालत नाही, कारण दोघे जवळचे नातलग आहेत आणि एल५चा रिप्रेसर डी२९लाही अडवतो. (डी२९मध्ये जीनोमचा तुकडा गळून स्वतःचा रिप्रेसर नाहीसा झाला आहे, म्हणूनच त्याचे प्लाक स्वच्छ असतात.) तिथे टीएम४ हा फेज घ्या.

शेवटी पीसीआर, म्हणजे डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून तो आहे का ते पाहणं. फेज गुणसूत्रात शिरला असेल तर फेज आणि गुणसूत्र यांच्या डाव्या-उजव्या जोडांचे तुकडे मिळतात आणि मूळ अखंड जागेचा तुकडा मिळत नाही. एल५ ग्लायसीनच्या टीआरएनए जनुकात बसतो. बीएक्सबी१ हा फेज जीआरओईएल१ जनुकात बसून ते तोडतो, म्हणून त्याच्या लायसोजेनची बायोफिल्म (पेशींचा चिकट थर) नीट बनत नाही. वलय आहे, संरक्षण आहे, पण जोड सापडत नाहीत, तर लगेच लायसोजेन बाद करू नका. रेडरॉकसारखे काही फेज इंटिग्रेजऐवजी (फेजला गुणसूत्रात शिरवणाऱ्या एन्झाइमऐवजी) जीनोम दोन्ही नव्या पेशींत पोचवणारी विभाजन यंत्रणा बाळगतात आणि गुणसूत्राबाहेरच टिकतात.