ट्यूब प्रीअँप पेडलचा आउटपुट: केबल लांब असेल तर असा काढा

जळगाव-धुळ्याकडे लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटारवाल्याला स्टेजवर अँप मिळेलच असं नाही भो, पेडलमधून सरळ मैदानाच्या त्या टोकाला मिक्सरमध्ये, आणि मग सगळे म्हणतात आवाज बसला. यात ट्यूबचा दोष नाही. 12एएक्स7 ट्यूबच्या प्लेटला (सिग्नल निघतो ते टोक) 100के, म्हणजे एक लाख ओहमचा रेझिस्टर, लावून तिथूनच सिग्नल बाहेर काढला की आउटपुट इम्पिडन्स (बाहेर जाणाऱ्या सिग्नलला आतूनच होणारा अडथळा) होतो साधारण 38के, आणि मिक्सरचा लाइन इनपुट 10के धरला तर पाचातला एकच भाग पुढे पोचतो. वर कपलिंग कपॅसिटर (डीसी अडवून सिग्नल पुढे सोडणारा) 22 नॅनोफॅरडचा असला तर 150 हर्ट्झच्या खालचं पण उतरायला लागतं, गिटारची जाडी तार तर 82 हर्ट्झची. मिक्सरऐवजी 1 मेग (दहा लाख ओहम) इनपुटवाला अँप असेल तर लेव्हल वाचते, पण मीटरला 100 पिकोफॅरडच्या हिशोबाने 20 मीटर केबल 2 किलोहर्ट्झच्या वरचं ट्रेबल कापते.

म्हणून शेवटी कॅथोड फॉलोअर टाका, म्हणजे सिग्नल प्लेटऐवजी कॅथोडवरून काढणारी स्टेज; ती लेव्हल वाढवत नाही, इम्पिडन्स उतरवते. 12एएक्स7 मध्ये दोन ट्रायोड (स्वतंत्र अँप्लिफायर भाग) असतात, दुसरा रिकामा असेल तर तोच वापरा: पिन 6 (प्लेट) सरळ 250 व्होल्टला, पिन 8 (कॅथोड) पासून 1.5के, त्याच्या खाली 47के ग्राउंडला, आणि पिन 7 (ग्रिड, सिग्नल आत जातो ते टोक) पासून 1 मेग त्या दोघांच्या जोडावर, ग्राउंडला नाही, तिथंच बरेच जण चुकतात. करंट साधारण 1 मिलिअँप, कॅथोड 50 व्होल्टच्या आसपास, त्यामुळे हीटर-कॅथोडच्या 180 व्होल्टच्या लिमिटचं टेन्शन नाही. आउटपुट इम्पिडन्स हजार ओहमच्या आत.

व्हॉल्यूम पॉट फॉलोअरच्या आधी ठेवा, वायपरमधून (पॉटच्या मधल्या पायातून) 22 नॅनोने पिन 7 ला. फॉलोअरच्या नंतर ठेवला की सगळी मेहनत पाण्यात, 1 मेगचा पॉट मध्यावर एकटाच 250के दाखवतो. पिन 8 वरून बाहेर जायला 1 मायक्रोफॅरड, 400 व्होल्टचा फिल्म कपॅसिटर, आणि जॅकवर 220के ग्राउंडला म्हणजे केबल लावताना ठाप्प होत नाही.

250 व्होल्ट डीसी जीव घेतो, चेष्टा नाही. फिल्टर कपॅसिटरवर 220के 1 वॅटचा रेझिस्टर कायमचा लावा, साठलेला चार्ज उतरवायला, बंद केल्यावर मीटरवर 5 व्होल्टच्या खाली आल्याशिवाय आत हात नाही. मिक्सरवर लाइन इनपुटच घ्या, फँटम (मिक्सर माइकला पाठवतो तो व्होल्टेज) बंद, आणि ट्यूब गरम होईपर्यंत फेडर खाली.